भोपळ्याच्या वाफ्यातली मोजणी

९ जुलै, मंगळवार

वीस फुलं, दहा मिनिटं, तीन माश्या. गेल्या वर्षी याच आठवड्यात, याच वाफ्यात, एकेचाळीस होत्या.

माझ्या लेकीनं, टॅबीनं, आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि वही मिटली. तिचा धाकटा भाऊ ऑगी म्हणाला, "झोपल्या असतील." मी म्हटलं, "आठ वर्षांचा मुलगा साडेपाचला उठू शकतो, तर माशीला काय धाड भरलीय?"

भोपळ्याची माशी, म्हणजे फक्त भोपळ्याच्या फुलांवर जगणारी रानमधमाशी, आळशी नसते. मधमाश्या पेटीच्या दारात अंग झटकत असतात तेव्हा हिचं अर्धं काम उरकलेलं असतं. दुपारी फुलं मिटतात आणि नर आतच झोपून जातात. गेल्या वर्षी ऑगी मिटलेलं फूल कानाशी धरून आतली गुणगुण ऐकत बसायचा. आज त्यानं अकरा फुलं कानाशी धरली. एकही बोललं नाही.

मी चौदा वर्षं हायस्कूलमध्ये मुलांना वादविवाद शिकवला. ज्या दिवशी टॅबीच्या वर्गात डोकावले, त्या दिवशी राजीनामा लिहिला. खिडकीबाहेर मैदानभर क्लोव्हरचं गवत पांढरं फुललेलं, त्यावर माश्यांची झुंबड, आणि आत बावीस मुलं खिडकीकडे पाठ करून कागदावरची माशी पिवळ्या खडूनं रंगवत होती. रेघेबाहेर रंग गेला तर गुण कमी. त्याला शिक्षण म्हणायचं असेल तर माझी मुलं अडाणी राहिली तरी चालतील, असं मी मुख्याध्यापकांना सांगून आले.

या वर्षी वाफा दुप्पट केला. आमच्यासारखीच मुलांना घरी शिकवणारी बारा कुटुंबं आमच्याकडे मोजणीला येणार म्हणून एप्रिलमध्ये जमीन उकरायचा रोटर भाड्यानं आणला आणि आडवा-उभा दोनदा फिरवला. माती अशी झाली की हात कोपरापर्यंत जावा. इतकी माती, इतकी फुलं, आणि माश्या नाहीत. कुणी मारल्याशिवाय एवढ्या मरत नाहीत.

११ जुलै

उत्तर कुंपणापलीकडेच आहे.

हार्लन ब्रुबेकरच्या शेतात मे अखेरपर्यंत छातीएवढी हिरवी राय, गव्हासारखं ते गवत, उभी होती. जूनमध्ये आठवड्याभरात सगळं रान आडवं होऊन पिवळं पडलं, आणि आता त्या मढ्यातून त्याचे भोपळे वर आलेत. हिरवं रान असं उभ्या उभ्या मरत नाही. त्याला मारावं लागतं.

मी हे मुलांना कुंपणाशी नेऊन दाखवलं. टॅबी म्हणाली, "तू त्यांना फवारताना पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं? समोर दिसतंय."

"मग वहीत काय लिहू? राय पिवळी आहे, की राय विषानं मेली?"

आमच्या वहीचा एकच नियम आहे: दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. नियम मीच केलाय. "पिवळी आहे, एवढंच लिही," मी म्हटलं. बारा वर्षांची मुलगी आईला आईच्याच नियमानं अडवते याचा अभिमान वाटायला हवा. आज फार वाटला नाही.

१८ जुलै

आज दोन. सगळ्या उन्हाळ्यात मिळून किती होतील ते मुठीत मावेल.

टॅबीला गॅरेजमध्ये गेल्या वर्षीच्या आइसक्रीमच्या काड्या सापडल्या, रबरानं बांधलेल्या, पेन्सिलीनं एक ते तेवीस आकडे घातलेल्या. तिनं त्या ऑगस्टमध्ये वाफ्यात ठिकठिकाणी खोचल्या होत्या. रोटरच्या पात्यात अडकतील म्हणून एप्रिलमध्ये मीच उपटून ठेवल्या. आज ती त्या मांडीवर घेऊन वाफ्यात बराच वेळ बसली होती. म्हटलं, "खेळायचं वय गेलं ना आता?" तिनं काड्या पुन्हा रबरात बांधल्या. या वयात मुली विनाकारण गप्प होतात.

२३ जुलै

पॉलेट आली होती. घरी शिकवणाऱ्या आमच्या गटाची सगळी सूत्रं तिच्याकडे. बोलते कमी, पण तिच्या पिशवीत कायम कोरे कागद आणि चालू पेनं असतात. अशाच माणसांनी जग बदललंय, माझ्यासारख्या नुसत्या बोलणाऱ्यांनी नाही.

हार्लनला ऑक्टोबरचे शनिवार-रविवार शेतात लोक बोलवायचेत: गवताच्या गाडीतून फेरी, भोपळे वेचणं, शेतातच मोटारी लावणं. त्यासाठी गावकारभार बघणाऱ्या टाउनशिपची परवानगी लागते. तो वर्षाचा निम्मा माल त्या चार आठवड्यांत विकतो. पॉलेट म्हणाली, "तिथंच धरायचं." निवेदन मी तिथल्या तिथं सांगितलं, तिनं लिहून घेतलं: फवारणीची संपूर्ण यादी दिल्याशिवाय या शेताला परवानगी देऊ नये. पहिली सही माझी.

ग्लेननं संध्याकाळी वाचलं. "चांगलं उतरलंय," म्हणाला. मग म्हणाला, "तू त्याच्याशी बोललीस?"

नवरे नेहमी असे प्रश्न सही झाल्यावर विचारतात.

३० जुलै

बोलले. म्हणजे टपालपेटीशी गाठ पडली. सत्तरीचा माणूस, टोपी डोळ्यांवर, बोलताना समोरच्याकडे नाही, आभाळाकडे बघतो.

"मिस्टर ब्रुबेकर, तुम्ही भोपळ्यांवर काय फवारता?"

"भुरीचं औषध. संध्याकाळी, फुलं मिटल्यावर."

"म्हणजे फवारता."

"भुरी आली तर फवारतो. तुम्ही ताप आला तर काय घेता?"

"कबूल करताय तर."

"मिसेस केसलर, मी टपाल घ्यायला आलोय, कबुली द्यायला नाही."

"माझ्या वाफ्यात माश्या मेल्यात."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "माझ्याकडच्या नाही मेल्या. तुमच्या मुलीला विचारा, रोज असते कुंपणाशी. तिला माझं शेत माझ्यापेक्षा जास्त ठाऊक झालंय." आणि बिलांचा गठ्ठा काखेत मारून गेला.

बघा. अडचणीत आलेला माणूस लहान मुलीला साक्षीला ओढतो. आपण करायचं ते करायचं आणि वर लोकांच्या लेकरांमागं लपायचं. मी टॅबीला काही विचारलं नाही. तिला यात ओढणार नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

टाउनशिपची बैठक. सभागृहातल्या साठ खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकले होते. तिघे सदस्य, पुढ्यात पाण्याचे ग्लास, चेहऱ्यावर "लवकर आटपा".

मी आटपलं नाही. वर्गात बावीस मुलं खिडकीकडे पाठ करून बसली होती, तिथून सुरुवात केली. आज आपण सगळेच खिडकीकडे पाठ करून बसलोय, म्हटलं. एका बाजूला रोज पहाटे उठून वही भरणारी मुलं आहेत आणि दुसऱ्या बाजूला एका आठवड्यात पिवळं पडलेलं रान आहे. यातल्या कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवा. जो कीटक या मातीत आपल्या पणजोबांच्याही आधीपासून राहतो त्याला मत नाही, वकील नाही, आणि म्हणून आज मी उभी आहे. मागच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होती.

मग टॅबीला उभं केलं. तिच्या हातात मी लिहिलेल्या तीन ओळी होत्या. तिनं वाचलं, "गेल्या वर्षी नऊ जुलैला एकेचाळीस." वाचलं, "या वर्षी नऊ जुलैला तीन." आणि थांबली. तिसरी ओळ होती: कुंपणापलीकडच्या फवारणीमुळे. मी हलकेच म्हटलं, "वाच." तिनं नाही अशी मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ते आम्ही पाहिलेलं नाही." आणि बसली.

लोकांना वाटलं, लाजली. टाळ्या पडल्या. सदतीस सह्यांचं निवेदन टेबलावर ठेवलं गेलं. निर्णय पुढच्या बैठकीत. हार्लन दाराजवळ टोपी हातात घेऊन उभा होता. बोलायची संधी दिली तर म्हणाला, "माझं शेत रस्त्यावरून दिसतं. कुणीही यावं." एवढंच. असल्या माणसाची बाजू कोण ऐकणार?

१५ ऑगस्ट

माझ्याच मुलीनं, साठ माणसांसमोर. दोन दिवस मी धुमसत होते. आज न्याहारीला बोलले. म्हटलं, भित्रेपणाला प्रामाणिकपणाचं नाव देऊ नकोस. सत्य माहीत असून तोंड मिटणारी माणसंच जगात सगळ्यात जास्त नुकसान करतात.

टॅबी उठली, वर गेली आणि एक वही घेऊन आली. आमची नाही, निळी, दुसरी. माझ्या पॅनकेकवर ठेवली.

वर लिहिलं होतं: "मिस्टर ब्रुबेकर यांच्या कुंपणाजवळची ओळ." त्याच तारखा, वीस फुलं, दहा मिनिटं. बावन्न. सत्तेचाळीस. साठ. एकदा पाऊस, म्हणून अडतीस. आणि जमिनीतली भोकं: पेन्सिलीएवढी, प्रत्येकाभोवती मातीचा छोटा ढीग, आत जाणारी माशी, पायांना पिवळे पराग. भोपळ्याची माशी पेटीत राहत नाही, झाडावर राहत नाही. भोपळ्याच्या वेलाखाली वीत-दीड वीत खोल बीळ करते. पिल्लं वर्षभर तिथंच असतात, पुढच्या जुलैपर्यंत. हे मला माहीत होतं. गेल्या वर्षी मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.

शेवटच्या पानावर चार ओळी. "१३ एप्रिल. आईने वाफ्यात रोटर मारला. दोनदा. बिळांच्या काड्या (१ ते २३) आधी काढून घेतल्या. बिळं दिसत नाहीत."

मी विचारलं, "का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. तेव्हाच. रोटर चालू होता. तू हात केलास, बाजूला हो म्हणून."

"आणि नंतर? चार महिने?"

तिनं काटा ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाली, "तू विचारतेस ना आई, तेव्हा तुझ्याकडे उत्तर आधीच असतं."

ऑगी म्हणाला, "मला पण माहीत होतं. पण मला कुणीच विचारत नाही." आणि माझा पॅनकेक खाल्ला.

१७ ऑगस्ट

पहाटे टॅबीबरोबर हार्लनच्या शेतात गेले. सहा ते सहा-दहा. छप्पन्न. मी स्वतः मोजल्या आणि दोनदा चुकले, कारण एका फुलात तीन-तीन जणी घुसत होत्या.

बांधावर एक लोखंडी पिंप पडलं होतं, आडवं, त्यावर बोथट पात्यांच्या तिरक्या पट्ट्या. हार्लन कॉफीचा मग घेऊन आला. मी विचारलं, हे काय.

"रोलर. राय फुलावर आली की वरून फिरवायचा. कापत नाही, देठ मोडतो. मोडलं की आपण होऊन वाळतं. त्याचंच अंथरूण होतं, तण येत नाही, नांगरावंही लागत नाही."

"म्हणजे विष नाही."

"ट्रॅक्टरचं डिझेल विषात धरत असाल तर आहे."

मी म्हटलं, माश्यांसाठी तुम्ही नांगरणं सोडलंत हे लोकांना कळायला हवं होतं. तो म्हणाला, "माश्यांसाठी नाही. कंबर गेली म्हणून. बावीस वर्षं झाली. माश्या मला तुमच्या मुलीनं दाखवल्या." मला तो संत निघाला असता तर सोपं गेलं असतं. तो साधा शेजारी आहे आणि मी त्याच्या अंगावर साठ माणसं घातली.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं मग वर केला. "इथं नको. जिथं बोललात तिथं बोला. तुमचं निवेदन फिरायला लागल्यापासून लोइस चर्चमध्ये एकटी बसतेय."

लोइस त्याची बायको. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या बायका उठून दुसरीकडे बसतात म्हणे. कुणाच्या शब्दावरून? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना चौदा वर्षं हिणवत आले.

२ सप्टेंबर

रोज लिहितेय, फाडतेय. ग्लेन म्हणाला, "दोन वाक्यं तर आहेत. चुकलं, परवानगी द्या." मी म्हटलं, लोकांच्या मनात जे खोल गेलंय ते दोन वाक्यांनी निघत नाही. तो म्हणाला, "मग किती वाक्यांनी निघतं?" आणि भांडी घासायला गेला.

१० सप्टेंबर, मंगळवार

आठ मिनिटं बोलले. आयुष्यात इतकं चांगलं बोलले नसेन. म्हटलं, महिन्यापूर्वी मी तुम्हाला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं आणि स्वतः आरशात पाहत होते. रोटर माझा, हात माझे, तेवीस बिळं माझ्या वाफ्यातली. दुसऱ्याच्या शेतात खुनी शोधणाऱ्यानं आधी आपल्या चपलेची माती पाहावी. चूक कबूल करायला लाजणारा समाज मुलांना काय शिकवणार? आवाज दोनदा भरून आला, आणि मी तो भरू दिला.

लोक उभे राहिले. पॉलेटनं मिठी मारली. "केवढं मोठं मन," कुणी तरी म्हणालं. मी हार्लनला शोधलं. त्याची खुर्ची रिकामी होती. टॅबी म्हणाली, तो तिसऱ्या मिनिटाला उठला.

मग तिघा सदस्यांपैकी मधल्यानं चष्मा काढला आणि म्हणाला की मिसेस केसलरचे विचार हृदयाला भिडले, परंतु टेबलावर सदतीस लोकांचं लेखी निवेदन आहे, ते कुणीही लेखी मागे घेतलेलं नाही, सबब विषय आठ ऑक्टोबरपर्यंत तहकूब.

आठ ऑक्टोबर! तोवर त्याचा पहिला शनिवार-रविवार गेलेला असेल. मी उभी राहून ओरडले की खोटं अर्ध्या पानात दाखल होतं आणि खऱ्याला अर्ज भरायला लावता? कारकून बाईनं शांतपणे कोऱ्या अर्जांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. सही मागे घेण्याचा नमुना. ज्यानं त्यानं भरायचा. सह्यांच्या यादीची एक प्रतही दिली.

१२ सप्टेंबर

पॉलेटचा फोन.

"खरं सांग, त्यानं काही दबाव आणला का?"

"पॉलेट, माश्या मी मारल्या."

"हो गं, ते बोललीस तू. किती सुंदर बोललीस. पण मूळ मुद्दा तर खराच आहे ना?"

"कुठला मूळ मुद्दा?"

"हेच. फवारणी वगैरे."

"तू त्याच्या शेतात ये. स्वतः मोज."

आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. फुलं संपलीत. माश्या गेल्या, जे आहे ते वीत-दीड वीत जमिनीखाली, जुलैपर्यंत. आता मी कुणालाही काहीही दाखवू शकत नाही. लोकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा, एवढंच उरलंय. तो तर त्यांनी ऑगस्टमध्येच ठेवला होता.

१४ सप्टेंबर, शनिवार

टॅबीला घेऊन दारोदार. नमुना, पेन, यादी.

पहिलंच घर मिसेस ऑल्डरफरचं, मागच्या रांगेत डोळे पुसत होत्या त्या. पाय दाराच्या चौकटीत घट्ट रोवलेले. "मी नाही मागे घेणार. तुम्ही त्या मुलांचं सांगितलंत, खिडकीकडे पाठ करून बसलेल्या, ते माझ्या मनातून जातच नाही."

"ते खरं आहे. पण त्याचा हार्लनशी काही संबंध नाही."

"असं कसं? तुम्हीच तर जोडलात."

तीन घरं सोडून एक तरुण, मांडीवर बाळ. "कुठल्या सह्या? अच्छा, ती माशीची. द्या." न वाचता सही केली. ऑगस्टमध्येही न वाचताच केली असणार. त्या सहीनं एका माणसाचा ऑक्टोबर अडला आणि या सहीनं सुटेल, आणि त्याचं बाळ शिंकलं म्हणून त्याला दोन्ही आठवणार नाहीत. मला संताप आला. पेन परत घेतलं आणि आभार मानले.

एका दारात मी बोलायला लागले. रोटरपासून सुरू केलं, आवाज चढायला लागला. टॅबीनं बाही ओढली आणि स्वतः म्हणाली, "माश्या आमच्या वाफ्यात मेल्या. मिस्टर ब्रुबेकरांच्या शेतात छप्पन्न होत्या. आम्ही मोजल्या. सही मागे घ्याल का?" त्या माणसानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन मागितलं.

त्यानंतर मी फाटकाशी थांबले. प्रत्येक दारात ती एकटी गेली. दिवसाअखेर सहा.

१५ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये लोइस ब्रुबेकरच्या शेजारी जाऊन बसले. तिनं सरकून जागा दिली नाही, पण उठलीही नाही. मी प्रार्थनेचं पुस्तक दोघींच्या मधोमध धरलं तेव्हा तिनं आपला अंगठा आपल्याच बाजूला ठेवला. बाहेर पडताना म्हणाली, "तुमचं भाषण ऐकलं म्हणे सगळ्यांनी." आणि पायऱ्या उतरून गेली.

दुपारी पुन्हा निघालो. आज पाच. एकूण अकरा.

स्वयंपाकघराच्या टेबलावर टॅबी उरलेल्यांची यादी नव्यानं लिहीत होती. मी चहा टाकत म्हटलं, "सव्वीस राहिले. पॉलेटपासून सुरू करू. तिनं मागे घेतली की तिच्यामागं सात-आठ जण घेतील. तिला काय म्हणायचं ते मी ठरवलंय."

"पॉलेट दुसरी आहे," टॅबी म्हणाली.

तिनं कागद माझ्याकडे वळवला. एक नंबरला माझं नाव होतं, निवेदनावर जसं होतं तसं, पहिलं. मी सभेत आठ मिनिटं बोलले होते. गेले दोन दिवस गावभर नमुने वाटत होते. माझी सही जिथल्या तिथं होती.

तिनं गठ्ठ्यातला वरचा नमुना काढून माझ्यापुढे ठेवला. नाव, पत्ता, कारण. कारणासाठी फक्त एक ओळ होती.